मास्तरांचा बिनमिठाचा भात

कुत्र्याच्या तोंडातून घास काढून घेणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो घास मीच घातलेला होता.

बदली होऊन शेवगावला आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, खाली घरमालक एकटे. रविवारी बायकोनं फोडणीचा भात केला होता. भरपूर कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे. दोन घास उरले. जिन्याच्या पायथ्याशी एक तांबूस कुत्रं बसलं होतं आणि लहानपणी मला त्यानंच सांभाळलं असावं अशा नजरेनं माझ्याकडे बघत होतं. मी वाटी त्याच्यापुढे पालथी केली. बायको आत भांडी लावत होती. माझी भूतदया साधारण ती आत असतानाच उफाळून येते.

कुत्र्यानं तोंड घातलं आणि खालच्या खोलीतून आरोळी आली, "थांबवा! गाडी थांबवा!"

अर्ध्या गालाला साबण, अंगात बनियन, खाली खाकी पँट अशा अवतारात घरमालक धावत आले. गुडघ्यावर बसले, कुत्र्याचा जबडा उघडला आणि दोन बोटं सरळ आत घातली. ते कुत्रंही असं मुकाट्यानं 'आ' करून उभं राहिलं, जसं दाताच्या डॉक्टरकडे आलंय.

"कांदा घातलाय ह्यात! नेवासा, सोड. सोड म्हन्तो ना!"

नेवासा हे कुत्र्याचं नाव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. घास बाहेर आला, शेंगदाणे बाहेर आले. मालकांनी ते सगळं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठले तुमी?"

"कोपरगावचा."

"कोपरगाव," ते विचार करत म्हणाले. "आपल्याकडं कोपरगाव न्हाई अजून."

मी वर गेलो आणि बायकोला सांगितलं की हा माणूस कोपरगावच्या लोकांना खोली देत नाही, सामान अजून सोडलेलं नाही तेच बरं आहे. तिनं विचारलं, "तुम्ही काय केलंत?" माझ्या बायकोची ही सवय आहे. कुठलीही बातमी सांगितली की ती आधी हाच प्रश्न विचारते. पाऊस आला म्हटलं तरी.

घरमालक एसटीतले निवृत्त कंडक्टर. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, कारण एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मास्तरांची नोकरी संपली होती, पण गाडी काही अंगातून उतरली नव्हती. ते घरातसुद्धा एका बाजूला रेलून उभे राहायचे. कुणी दारात गप्पा मारत उभं राहिलं की "आत सरका, दरवाजा मोकळा ठेवा" म्हणायचे. पाहुणे निघाले की "काही राहिलं का मागं?" असं विचारून खुर्चीखाली वाकून बघायचे. माझ्या सासूबाई एकदा आल्या होत्या, तर त्यांना उजव्या हाताच्या खिडकीजवळ बसवलं आणि विचारलं, "उलटीचा त्रास न्हाई ना?"

कुत्री चार होती. चारही त्यांनी ड्यूटीवर असताना निरनिराळ्या स्टँडवरून आणलेली, आणि जिथून आणलं तेच नाव. नेवासा हावरा. पाथर्डी भांडकुदळ, त्याला पोस्टमन चालत नसे. श्रीगोंदा उसाच्या मुलखातली, अंगानं गोल आणि स्वभावानं गोड. आणि घोडेगाव नावाची म्हातारी, एका पायानं लंगडी, मास्तरांची सगळ्यात लाडकी. नवख्या माणसाला मास्तरांचं बोलणं कळायला वेळ लागे. "सकाळपासून नेवासा पातळ हाय" किंवा "काल पाथर्डीनं श्रीगोंद्याचा कान फाडला" हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की पहिल्या महिन्यात मी दोनदा पेपर चाळून पाहिला.

संध्याकाळ झाली की ओट्यावर तो सोहळा असायचा. ओट्याच्या खांबाला मास्तरांनी एक पितळी घंटी टांगली होती आणि तिला दोरी. कुत्री एकामागं एक रांगेत, घोडेगाव सगळ्यात पुढं, कारण ज्येष्ठ नागरिक. थाळ्या समोर ठेवल्या तरी कुणी तोंड घालायचं नाही. मास्तर मागून पुढे एक चक्कर मारायचे, सगळ्यांकडे नजर टाकायचे आणि दोरी दोनदा ओढायचे. टिंग टिंग. डबल मिळाली की गाडी सुटली. मध्ये कुणी दुसऱ्याच्या थाळीकडे वळलं तर एकच टिंग, आणि चारही तोंडं जागच्या जागी थांबायची. आमच्या ऑफिसात साहेबांनी आवाज दिला तरी एवढी शिस्त मी पाहिली नाही.

आता त्या भाताबद्दल. मास्तर कुत्र्यांचा भात ज्या निगुतीनं करत, त्या निगुतीनं माझ्या लग्नातला झाला नव्हता. तांदूळ साधा पांढरा, तीन पाण्यांतून धुतलेला. पाणी जास्त घालून इतका मऊ शिजवायचा की शीत बोटांत धरता येऊ नये. मीठ नाही, तेल नाही, हळदसुद्धा नाही. त्यात उकडलेलं अंडं कुस्करून, नाहीतर हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. भात थोडा आणि हे जास्त. "भातानं पोट भरायचं न्हाई," ते सांगत, "भात म्हंजी सीटखालची गादी. बसायचं सीटवर." मग भात निवला की नाही ते मनगटावर ठेवून बघायचे, आई बाळाचं दूध बघते तसं. आणि उरलेला भात दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. शिळा भात दिसायला शहाणा आणि आतून बिघडलेला असतो, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघत का सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी एकदा गमतीनं म्हणालो, "मास्तर, एवढी पथ्यं? आमच्या गावाकडची कुत्री लग्नातल्या पत्रावळ्या चाटून म्हातारी होतात."

ते दोरीची गाठ नीट करत होते. ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"पाचवी एक हुती," मग म्हणाले. "तिसगाव. पांढरी, कपाळावर काळा ठिपका. स्टँडमागं लग्न हुतं. लोकांनी बादलीभर मसालेभात टाकून दिलेला. म्या म्हनलं, चांगला तुपातला हाय, वाया कशाला घालवायचा? घेऊन आलो. पोटभर घातला सगळ्यांना. बाकीची दोन दिस वकत हुती. तिनं लई खाल्ला. डॉक्टर म्हनला, मास्तर, कांदा, तेल, मसाला, ह्यांच्या रक्ताला न्हाई झेपत."

"मग?"

"मग काय. तिसगाव तिथंच उतरली."

असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली. त्या दिवसापासून मी आमच्या घरातला फोडणीचा भात दार लावून खाऊ लागलो.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच झालं. मास्तर स्वतः जेवायला बसले की पहिला घास त्या चौघांना. जे ताटात असेल त्यातलं त्यांना चालणारं काढून ठेवायचं, भाकरीचा बिनतिखटाचा तुकडा तरी. आणि त्यांना दिल्याशिवाय स्वतः खायचं नाही. "गाडीत पेशेंजर उपाशी आन् कंडक्टर डबा खातोय, बरं दिसत न्हाई," म्हणायचे.

पण हा नियम कुत्र्यांच्या पोटासाठी. स्वतःच्या पोटाला मास्तरांनी कधी कसला नियम लावला नव्हता. सारी नोकरी स्टँडवरची भजी, तर्री आणि चहा ह्यांच्यावर झालेली. निवृत्तीनंतरही झणझणीत, तर्रीदार शिपी आमटीचं जेवण कुठे आहे म्हटलं की ते भर उन्हात चालत जायचे. व्हायचं तेच झालं. एके दिवशी ओट्यावरच पोट धरून बसले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून नगरला. पोटात अल्सर निघाला.

पुण्याहून मुलगा आला. शांत, कमी बोलणारा माणूस. डॉक्टरांनी त्याच्यासमोर पथ्य सांगितलं, तेव्हा मीही तिथेच होतो. "साधा पांढरा भात, मऊ शिजवलेला. तेल नाही, तिखट नाही, मसाला नाही, मीठ अगदी कमी. थोडं थोडं खायचं. उकडलेलं अंडं चालेल. आणि शिळं अजिबात नाही."

मास्तरांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. हसू आवरण्यासाठी मला खोलीबाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

घरी आल्यावर मुलानं स्पष्ट सांगितलं, "आप्पा, ह्या वेळी सोडतो. पण पुन्हा जर बाहेरचं, तिखट काही खाल्लंत, तर घराला कुलूप आणि तुम्ही पुण्याला. चौथ्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे."

"आन् ह्यांचं काय?" मास्तर म्हणाले.

मुलगा चारही कुत्र्यांकडे बघत राहिला. "म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

तेव्हापासून खाली एकाच पातेल्यात भात शिजू लागला. बायको वरून जाऊन लावून यायची. निम्मा मास्तरांना, निम्मा चौघांना. मास्तरांनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू आयुष्यभर चुकीच्या गाडीत बसलो होतो हे आत्ता कळलंय.

"ताई," ते बायकोला म्हणाले, "ह्याला चवच न्हाई."

"मास्तर, तुमचीच पद्धत आहे. तुम्हीच शिकवलीत मला."

"व्हय, पन म्या कधी खाऊन न्हाई बघितला." मग ते रांगेकडे बघून घोडेगावला म्हणाले, "इतकी वर्सं खाल्लंस, एकदा तरी बोलायचं हुतंस."

मुलगा रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायचा. "आप्पा, ताट दाखवा." मास्तर मोबाईल ताटावर धरायचे. पांढरा भात, अंडं. मुलगा खूश. एकदा मात्र ताटात एक ओलं काळं नाक शिरलं, आणि मास्तर त्या वेळी कुणाचं ताट दाखवत होते हे उघड झालं. त्या दिवशी स्वतः त्यांनी चिवडा खाल्ला होता. मुलानं ते नाक नीट पाहून घेतलं. फक्त म्हणाला, "रविवारी येतो."

ह्या 'रविवारी येतो'चा अर्थ आम्हाला तिघांनाही नीट कळला. बायकोनं शनिवारी मला बजावलं, "आज उद्या त्यांना काहीही द्यायचं नाही. त्यांनी कितीही तोंड केविलवाणं केलं तरी. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. माझं ऐकण्याचं कधीच चुकत नाही, चुकतं ते त्यापुढचं.

शनिवारी संध्याकाळी ती भिशीला गेली. जाण्याआधी माझ्यासाठी फोडणीचा भात करून गेली. तो वास जिन्यावरून खाली गेला, आणि थोड्या वेळानं मास्तर वर आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, धापा टाकत. काही मागितलं नाही. नुसते म्हणाले, "शेंगदाने जरा जास्त भाजलेत वाटतं ताईंनी. वास येतोय खमंग."

मी पेपरात डोकं घातलं.

"आमची मंडळी असाच करायची. गेली बिचारी."

आता मला सांगा, ह्यावर माणसानं काय करावं? मी झाकण घालून एक वाडगा दिला. "मास्तर, दोन घास फक्त."

"दोनच," ते म्हणाले आणि वाडगा शर्टाखाली लपवून, पेशंटच्या मानानं फारच चपळाईनं, खाली उतरले.

सकाळी नऊलाच मुलगा दारात. आम्ही सगळेच ओट्यावर जमलो. बायको बाजूला पातेलं ठेवून भात वाढत होती. मास्तर अंघोळ करून, केस चापून, आदर्श रुग्णासारखे बसले होते. मुलगा आत गेला, आणि पाण्याचा तांब्या शोधता शोधता फळीवरून एक वाडगा घेऊन बाहेर आला. झाकण काढलं. भरलेला वाडगा. कांदा, मिरची, शेंगदाणे. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, रात्रभर राहिलेला.

मास्तरांनी त्यातला एक घासही खाल्ला नव्हता. ते नंतर कळलं. संध्याकाळी वाडगा घेऊन बसले तर चौघंही समोर येऊन रांगेत बसली. त्यांना द्यावा तर कांदा. त्यांना न देता खावा तर नियम. तोंडाला पाणी सुटलेला माणूस वाडगा मांडीवर घेऊन बसून राहिला, आणि शेवटी त्यानं तो फळीवर ठेवून दिला.

पण त्या सकाळी हे कोणाला माहीत होतं?

"आप्पा, हे काय?"

"ते... कुत्र्यांचं हाय."

"कुत्र्यांचं? कांदा घातलेलं?" मुलगा हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याच घरात?"

मास्तरांनी खोटं बोलायला सारी दुनिया सोडून नेमकी हीच जागा निवडली होती. त्यांचा चेहरा उतरला. हात घोडेगावच्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला. मुलानं दारामागं टांगलेल्या कुलपाकडे नजर टाकली. बायकोनं माझ्याकडे टाकली.

"माझा आहे तो," मी म्हणालो. "माझी न्याहारी. मी... मी खालीच बसून खातो. रविवारी. हवा चांगली असते."

"असं का," मुलगा म्हणाला आणि वाडगा माझ्या हातात दिला. "मग खा ना. थांबलात कशाला?"

मी पहिला घास घेतला. आंबूस लागला. फोडणीच्या भाताला जी चव कधीच नसावी, ती. मी हसून मान डोलावली. दुसरा घास घेतला. नेवाशानं, ज्यानं उभ्या आयुष्यात कुठल्या अन्नाकडे पाठ फिरवली नाही, त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.

मास्तरांची मात्र तगमग झाली. शिळा भात कुणी डोळ्यांदेखत खातंय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. तोंडानं बोलता येत नव्हतं. त्यांचा हात आपोआप दोरीकडे गेला आणि एकच घंटी वाजली. टिंग.

थाळ्यांवर वाकलेली चारही कुत्री जागच्या जागी थांबली. मला काही थांबता येईना. मी मिरचीसकट, शेंगदाण्यासकट सगळा वाडगा संपवला. टिंग, टिंग, मधेमधे एकेक घंटी वाजतच होती. कुत्री बिचारी गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होती.

मुलगा दुपारपर्यंत थांबला. वडिलांबरोबर तोच पांढरा भात खाल्ला, सगळा, मीठ न मागता. पातेल्यातला पहिला घास त्यानं न सांगता उचलून चार थाळ्यांत ठेवला, आणि मास्तर दुसरीकडे बघू लागले. निघताना म्हणाला, "बरं चाललंय आप्पा. राहा इथंच. पण व्हिडिओवर नेवाशाचं नाक नको." मास्तरांनी सवयीप्रमाणे त्याच्या खुर्चीखाली वाकून पाहिलं, काही राहिलं का म्हणून. जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

मुलगा फाटकापर्यंत गेला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरला, आणि परत येऊन त्यानं माझ्या हातात पाण्यात घालायच्या साखरमिठाच्या पुड्या ठेवल्या.

"असू द्या घरात," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत लागतील."

लागल्या. संध्याकाळपर्यंत कशाला, दुपारच्या चहालाच लागल्या. पुढचं वर्णन घरगुती वाचकांसाठी गाळतो. एवढंच सांगतो की मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी नेवाशापेक्षा माझी अवस्था कितीतरी वाईट होती.

दिवेलागणीला मास्तर वर आले. स्वतः भात करून. तीन पाण्यांतून धुतलेला, शीत बोटांत धरता येणार नाही असा मऊ. माझ्या उशाशी बसले, चमच्यानं थोडा आपल्या मनगटावर ठेवला, निवलाय याची खात्री केली आणि वाटी पुढे केली. मागोमाग जिना चढून घोडेगाव आली आणि दाराशी बसली. ती लंगडी कधी जिना चढत नाही.

"मास्तर," मी क्षीण आवाजात म्हणालो, "चिमूटभर मीठ तरी?"

"न्हाई." मग, माझ्याकडे न बघता, "कोपरगाव न्हवतं आपल्याकडं. आता झालं."

 मी वाटी हातात घेऊन नुसता बसून राहिलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. सकाळपासून ती मला एक शब्दही बोलली नव्हती, आणि ते 'तुम्ही काय केलंत?' आता येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

ती म्हणाली, "अहो कोपरगाव, नखरे पुरे झाले. डबल कधीच वाजलीय, खा आता."